ग्रंथपालाचा तास

वैद्यकीय महाविद्यालयातलं ग्रंथालय कशासाठी असतं, असं एखाद्या एमबीबीएसच्या मुलाला विचारा. तो सांगेल, बसायला. हॉस्टेलवर दंगा असतो, इथं रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, वायफाय चालतं, आणि परीक्षा जवळ आली की शेजारचा वाचतोय हे बघून आपलंही वाचन होतं. यात वावगं काहीच नाही. मुलांना अशी जागा मिळवून देणं हे आमचं कामच आहे आणि ते आम्ही मन लावून करतो. पण कोल्हापुरात या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि डॉक्टर होणाऱ्या मुलांना आम्ही जे शिकवू शकतो त्यातलं फार थोडं आमच्याकडे मागितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेल्थ इन्फर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याच्या माहितीचं शास्त्र, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येतो. मग हा विषय शिकवायला आयटीवाल्यांना बोलावतात. ते येतात, सिस्टिमचे स्क्रीन दाखवतात, पासवर्ड देतात आणि जातात. त्यांचं काम त्यांच्या जागी बरोबर आहे. पण या विषयाच्या मुळाशी काय आहे? रुग्णाची आणि रोगाची माहिती नोंदवायची कशी, लावून ठेवायची कशी, हवी तेव्हा शोधायची कशी, मिळाल्यावर पारखायची कशी आणि जपायची कशी. कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून ग्रंथपाल हेच करत आलेत.

शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं द्विबिंदू वर्गीकरण होतं, म्हणजे विषयावरून पुस्तकाला क्रमांक द्यायची पद्धत. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांची ही पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यातलं एक उदाहरण आमच्या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येकाला तोंडपाठ असतं, आणि योगायोगाने ते वैद्यकातलं आहे. विषय असा: फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करायच्या उपचाराबद्दल भारतात १९५० च्या सुमारास झालेलं संशोधन. एवढ्या लांब विषयाचे आधी तुकडे पाडायचे. वैद्यक म्हणजे एल. फुप्फुस ४५, क्षय ४२१, उपचार ६, क्ष-किरण २५३, भारत ४४. मग ते ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या चिन्हांनी जोडायचे. अवयव कोणता, बिघाड कोणता, त्यावर केलं काय, कुठं आणि कधी. तेव्हा आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. पुढे रुग्णालयाच्या नोंदींशी संबंध आला तेव्हा लक्षात आलं, की आजाराला नेमका कोड द्यायच्या कामातही असाच विचार करावा लागतो.

पुराच्या निमित्ताने हे फार जवळून बघायला मिळालं, म्हणून तिथूनच सांगते.

कोल्हापूरकराला पाऊस लागला की एकच प्रश्न पडतो: पाणी कितीवर आलंय? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते आणखी पक्के केले. पूर ओसरला की घराघरांत चिखल, गोठ्यांत चिखल, शेतात साठलेलं पाणी, आणि त्यात अनवाणी काम करणारी माणसं. मग आरोग्य विभागाची दुसरी धावपळ सुरू होते, लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या, जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. सुरुवात साध्या तापासारखी होते. कुणाकुणात पुढे कावीळ होते, मूत्रपिंडं बिघडतात आणि जिवावर बेततं.

आता एक माणूस धरा. शिरोळ तालुक्यातला शेतकरी, पूर ओसरल्यावर ताप घेऊन दाखल झाला. रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट यायच्या आत तो बरा होऊन घरी गेला. डिस्चार्ज कार्डावर इंटर्नने लिहिलं, 'फिव्हर, प्रश्नचिन्ह लेप्टो'. नंतर रिपोर्ट आला, लेप्टो पॉझिटिव्ह, आणि तो फाइलला टाचला गेला. रेकॉर्ड सेक्शनमधला माणूस त्या कार्डावरून आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, कोड टाकतो. लेप्टोचा कोड ए २७. नुसत्या, कारण न कळलेल्या तापाचा आर ५०. कार्डावर प्रश्नचिन्ह आहे म्हणून तो सरळ आर ५० टाकतो, आणि घाईत त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण त्या वर्षी जिल्ह्यात लेप्टोचे किती रुग्ण होते असं उद्या कुणी विचारलं, तर हा शेतकरी त्या आकड्यात नसेल. पुढच्या पुरासाठी गोळ्या किती मागवायच्या, कोणत्या गावात आधी जायचं, हे ज्या आकड्यांवर ठरतं तो आकडाच लंगडा राहतो.

इथं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. बिघडलंय ते नोंदवणाऱ्याचं भान. आपण लिहिलेल्या दोन शब्दांवर पुढे किती जणांचं काम अवलंबून आहे, हे त्या इंटर्नला कुणी सांगितलेलंच नाही. पुस्तकावर चुकीचा वर्गांक पडला की ते पुस्तक ग्रंथालयात असूनही हरवतं, ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण. रुग्णाच्या नोंदीचं तेच आहे. हे समजावून सांगायला ग्रंथपालाइतका योग्य माणूस मला तरी दुसरा दिसत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. आता केसपेपर काढायच्या खिडकीवरच चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक, विचारतात. आजारांच्या आणि लक्षणांच्या नोंदीसाठी स्नोमेड सीटी नावाचा मोठा शब्दसंग्रह आहे. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे आणि त्याचं देशातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आहे. म्हणजे रस्ते बांधून होत आलेत. त्यावर गाडी चालवणाऱ्या मुलांना मात्र संज्ञा नेमकी निवडायची सवय कुणी लावत नाही.

नोंदवण्याबद्दल इतकं. शोधण्याची गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिथं तर माझा जीव अडकलेला आहे.

अशाच एका पावसाळ्यात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक, विभागातला एक रेसिडेंट आला. त्याला प्रबंधाचा आराखडा, म्हणजे सायनॉप्सिस, द्यायची होती आणि त्यासाठी तो पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोधत होता. छातीशी लॅपटॉप, चेहरा उतरलेला. "मॅडम, सायनॉप्सिस द्यायचीय आणि पबमेडवर कायच मिळेना झालंय." काय टाकलंस विचारलं तर त्याने पूर, लेप्टो, डॉक्सीसायक्लीन, प्रतिबंध आणि कोल्हापूर हे सगळं एका ओळीत टाकलं होतं. उत्तर अर्थातच शून्य. त्याच्या मनातला प्रश्न मात्र फार चांगला होता. पूरग्रस्त गावांत लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या वाटतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का?

मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला आणि कोरा कागद दिला. गोळी कुणाला द्यायची? कोणती, किती, किती दिवसांनी? ती न घेणाऱ्यांशी तुलना करायची की दुसऱ्या कशाशी? आणि उपयोग झाला म्हणजे नक्की काय झालं, रक्तात जंतूची खूण दिसली नाही की माणूस आजारी पडला नाही? या शेवटच्या प्रश्नावर तो थबकला. "दोन्ही वेगळं होय?" वेगळंच. आणि पुढे सगळा खेळ त्याच फरकावर होता.

मग लॅपटॉप उघडला. पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. त्यातल्या बहुसंख्य नोंदींना मेश नावाच्या यादीतून विषय-शीर्षकं दिलेली असतात. ही यादी झाडासारखी फांद्याफांद्यांची आहे. लेप्टोस्पायरोसिस या शीर्षकाखाली वेल्स डिसीज येतो, म्हणजे कावीळ आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेला लेप्टो. वरची फांदी धरली की खालची आपोआप येते. मग लेप्टोचा एक संच, डॉक्सीसायक्लीनचा दुसरा, दोन्ही 'अँड'ने जोडायचे, म्हणजे दोन्ही विषय असलेलेच लेख येतात, आणि कोल्हापूर काढून टाकायचं. त्याला ते जिवावर आलं. पण आपल्या गावचं नाव उत्तरात असायला हवं असा हट्ट धरला तर जगात झालेलं काम दिसत नाही. गाव नंतर येतं, उत्तर ताडून बघताना.

हाताशी लागलेल्या लेखांत दोन महत्त्वाचे होते. पहिला १९८४ चा. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेले ९४० अमेरिकन सैनिक. निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात एकाला. पोरगं हरखलं. सायनॉप्सिस झालीच म्हणाला.

दुसरा लेख २००० सालचा, आपल्याच देशातला, उत्तर अंदमानमधला. साथीच्या काळात ७८२ लोकांवर केलेला. तिथं आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत निम्म्याहून कमी होतं, पण संसर्ग होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणजे जंतू शिरायचा तो शिरलाच, त्रास मात्र कमी जणांना झाला. कागदावर लिहिलेला शेवटचा प्रश्न इथं कामाला आला.

मी विचारलं, शिरोळचा शेतकरी यातल्या कुणासारखा? परक्या मुलखात थोड्या आठवड्यांसाठी उतरलेल्या धडधाकट तरुण सैनिकासारखा, की वर्षानुवर्षं त्याच पाण्याशेजारी राहणाऱ्या अंदमानच्या माणसासारखा? तो बराच वेळ बोलला नाही. नंतर आम्ही कॉक्रेन या उपचारांवरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २००९ चा आढावा काढला. त्यात असे सगळे प्रयोग एकत्र तपासले होते, आणि निष्कर्ष जपून काढला होता: फायदा स्पष्ट म्हणता येत नाही, मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात. मग तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे आपल्याकडे हे बघायलाच पाहिजे की." त्याला त्याचा विषय त्या वाक्यात सापडला.

गोळ्या वाटायच्या की नाही यावर मी चकार शब्द काढला नाही. तो माझा प्रांत नाही. ते त्याच्या विभागप्रमुखांनी आणि आरोग्य खात्याने ठरवायचं. ग्रंथपालाने औषध सांगायचं नसतं, आणि ही मर्यादा मी कसोशीने पाळते. पण प्रश्न तासून देणं, शोध नीट करून घेणं, आणि सापडलेली माणसं आपल्या माणसांसारखी आहेत का हे विचारायला लावणं, हे शिकवणं माझं आहे. हे मी एका मुलाला एका दुपारी शिकवलं. शंभर-दीडशे मुलांच्या वर्गाला शिकवायचं तर वेळापत्रकात तास लागतो.

शोध अर्धवट राहिला तर काय होतं याचं एक उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स या नावाजलेल्या संस्थेत दम्यावरच्या संशोधनासाठी एका निरोगी तरुणीला हेक्झामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं. ती त्या प्रयोगातली स्वयंसेविका होती, वय चोवीस. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि ती गेली. प्रयोगाआधी संशोधकाने शोध घेतला होता, पण पबमेडमध्ये तेव्हा १९६६ पासूनच्याच नोंदी होत्या. त्या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेबद्दलचे लेख १९५० च्या दशकातले, छापील सूचीत बसलेले. घटनेनंतर ग्रंथपालांनी ते काढून दाखवले. आता पबमेडमध्ये जुन्या नोंदींची भर पडली आहे. तरी आपण जिथं शोधतोय ते कपाट कुठून कुठपर्यंतचं आहे, हा प्रश्न कधीच जुना होत नाही.

आणि हे पबमेड तरी आलं कुठून? अमेरिकेच्या लष्करी सर्जन जनरलच्या कचेरीत १८३६ साली मांडलेल्या पुस्तकांच्या एका छोट्या संग्रहातून. तिथले जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली वैद्यकीय लेखांची मासिक सूची छापायला सुरुवात केली. १९६० साली मेश आलं, १९७१ साली मेडलाइन ही कॉम्प्युटरवर शोधता येणारी सूची, आणि १९९७ साली पबमेड सगळ्या जगाला फुकट झालं. ज्या साधनावाचून आज एकही प्रबंध होत नाही, ते एका ग्रंथालयाने बनवलंय. मेडलाइन आली त्याच वर्षी, १९७१ मध्ये, कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डच्या राउंडला पाठवायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेपाशी प्रश्न निघाला की ग्रंथपाल तो टिपून घ्यायचा आणि उत्तराचे लेख आणून द्यायचा. आपल्याकडे ग्रंथपाल वॉर्डात दिसला तर लोक विचारतील, कोण ॲडमिट आहे?

२०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो आणि त्यात कॉम्प्युटरची कौशल्यंही धरलेली आहेत. पीजीच्या मुलांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे. कागदावर जागा आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाच्या वाट्याला येते ती ओळखफेरी: पुस्तकं किती, कार्डावर किती मिळतात, दंड किती, बॅगा कुठं ठेवायच्या. मुलं एका दारातून आत येतात, दुसऱ्यातून बाहेर जातात. पुढे याच मुलांना संशोधनाचा छोटा प्रकल्प करायची वेळ येते तेव्हा ती सिनियरकडून आयती फाइल मागतात. त्यांना दोष कशाला द्यायचा?

गेल्या काही वर्षांत एक नवं काम वाढलंय. मुलं चॅटबॉटकडून संदर्भयादी करून आणतात आणि म्हणतात, एवढे लेख काढून द्या. वरवर बघितलं तर यादी देखणी असते. जर्नलचं नाव खरं, लेखकांची नावं ओळखीची वाटणारी, शीर्षक तर थेट हव्या त्या विषयावरचं. मी आधी वर्ष आणि खंड जुळतात का ते बघते. दरवर्षी एक खंड काढणाऱ्या जर्नलचा हिशेब सोपा असतो; २०१७ चा खंड विसावा असेल तर २०१८ चा तेहतिसावा असूच शकत नाही. मग पानं. त्या अंकात त्या पानांवर दुसराच लेख निघतो. शेवटी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकायचा, की कधी काहीच उघडत नाही, कधी भलत्याच विषयाचा लेख उघडतो. एकदा मुलांसमोर अशी यादी एकेक ओळ घेऊन तपासली. कोणते संदर्भ खरे, कोणते जन्मालाच न आलेले, हे त्यांनीच शोधून काढलं, आणि त्या तासाला कुणी मोबाइल खाली घेऊन बघितला नाही. मी चॅटबॉट वापरू नका असं म्हणत नाही. शब्द सुचवायला, लांब लेख समजून घ्यायला मुलं ते वापरणारच. पण संदर्भ आहे की नाही हे स्वतः बघितल्याशिवाय प्रबंधात घालायचा नाही, एवढं मी रक्तात भिनवायला बघते. खऱ्या छापून आलेल्या लेखाचीही खात्री नसते. मे २०२० मध्ये द लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरचा लेख आला. त्यामागच्या विदेची, म्हणजे डेटाची, शहानिशा करता येईना म्हणून दोन आठवड्यांच्या आत तो मागे घेतला गेला. मागे घेतलेले लेख पुढेही लोक संदर्भ म्हणून देत राहतात, म्हणून पबमेडवर नोंदीच्या डोक्यावरची ती सूचना वाचायची सवय लागते.

जपण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते साधं आहे. कुणी कोणतं पुस्तक नेलं हे ग्रंथपाल तिसऱ्याला सांगत नाही. मानसिक आजारावरचं पुस्तक घेणारा विद्यार्थी असो की गर्भपातावरचं वाचणारी मुलगी, ते आमच्या पोटात राहतं. ही शिस्त आम्हाला कुठल्या कायद्याने शिकवली नाही. आता विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे टाकताना कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव, वय, गाव झाकायचं असतं हे बऱ्याच मुलांच्या ध्यानातच येत नाही. ती वाईट नसतात, घाईत असतात. कोल्हापूरसारख्या गावात तर आडनाव आणि तालुका कळला की माणूस कळतो.

इथवर डॉक्टरांबद्दल बोलले. पण आजारी पडणारी माणसं डॉक्टरांहून कितीतरी जास्त आहेत, आणि तिथं आमच्या जिल्ह्याकडे एक मोठी ठेव आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ साली केला, देशातला पहिला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. आज गावोगावी वाचनालयं आहेत. तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो, पण गावातल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. आरोग्याच्या माहितीचं काम तिथंही व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

एका तालुक्याच्या गावी अशा वाचनालयात गेले होते. 'आरोग्य' लिहिलेलं एक कपाट होतं. उघडलं तर मधुमेहाच्या आहारावरचं पुस्तक कितीतरी जुनं, पानं पिवळी, आणि शेजारी सगळे रोग एकाच पाल्याने बरे करणारी पुस्तकं दाटीवाटीने उभी. तिथल्या ग्रंथपाल काकांनी आपणहून सांगितलं, "मॅडम, सगळ्यात जास्त हेच कपाट फिरतंय बघा." मला ते ऐकून चैन पडेना. कादंबरी जुनी असली तर काही बिघडत नाही. औषधाचं पुस्तक जुनं असलं तर ते कपाटातून काढायलाच हवं, आणि हे ठरवणंही ग्रंथपालाचंच काम आहे. त्यांच्याशी बसून आम्ही ते कपाट रिकामं केलं. काय ठेवायचं हे ठरवायला गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावलं, ते आले, आणि आशाताईही आल्या.

आशाताईंनी काविळीचा विषय काढला. आपल्या भागात कावीळ नवी नाही. २०१२ साली इचलकरंजीत तिची मोठी साथ येऊन गेली, माणसं दगावली. अजूनही कावीळ झाली की आधी ती उतरवून घ्यायला नेतात. अंगावर, हातांवर रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. ताई म्हणाल्या, "पाणी डोळ्यांदेखत पिवळं होतंय, मग आमचं कोण ऐकणार?" डॉक्टरांनी तिथंच, कावीळ नसलेल्या माणसाचे हात तसेच धुवून दाखवायचं सुचवलं. पाणी तेव्हाही पिवळं होतं. आणि पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, तिच्या बाबतीत एक दिवसही घालवायचा नाही, हे त्यांनी ताईंना परत परत सांगितलं.

मी त्या दिवशी बोलले ते पाण्याच्या पातळीबद्दल. पुरात कुणी व्हिडिओ पाठवला की आपण लगेच विचारतो, हा कधीचा? कुठला? कुणी काढला? २०१९ चा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतोय हे इथला माणूस पटकन ओळखतो, कारण खरा आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा, हे त्याला ठाऊक आहे. औषधाच्या मेसेजला हेच तीन प्रश्न विचारा, एवढंच मी म्हटलं. काकांनी ते प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून वर्तमानपत्रांच्या टेबलाशी लावले.

मिळण्याचा प्रश्नही आहेच. जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' योजनेतून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स खुली झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची ही तरतूद आहे. फार मोठी गोष्ट आहे ही. खाजगी महाविद्यालयातली मुलं सुरुवातीला त्यात नव्हती आणि तीही आपलीच मुलं आहेत, ती उद्या याच जिल्ह्यातल्या माणसांना तपासणार आहेत. पण दार उघडं असलेल्या ठिकाणीही आत काय आहे, कसं शोधायचं, हे कुणी दाखवलं नाही तर तेरा हजार जर्नल्स कुलपात असल्यासारखीच.

यंदा फाउंडेशन कोर्समध्ये मला ओळखफेरीच्या जागी पूर्ण सत्र मिळालंय. मागणी लावून धरली होती, आणि पीएसएमच्या सरांनी आमची बाजू उचलून धरली. कपाटं दाखवायचं काम ग्रंथालयातले मामा करतील, ते माझ्यापेक्षा चांगलं दाखवतात. मी एक डिस्चार्ज कार्ड पडद्यावर लावणार आहे, नाव-गाव झाकून, त्या प्रश्नचिन्हासकट. मुलांनी त्याला कोड द्यायचा. मग नंतर आलेला रिपोर्ट दाखवायचा आणि कोड कुणी, कधी, कसा बदलायचा ते विचारायचं. तिथून त्यांना रेकॉर्ड सेक्शनला घेऊन जायचं ठरलंय. तिथल्या कोडिंग करणाऱ्या भाऊंनी त्यांना सतावणारी कार्डं बाजूला काढून ठेवलीयत.